कोंडवाड्याची जागा

चूक माझीच. शाळेत शिकवून झालं की मी नगराध्यक्षांच्या कचेरीत सरकारी नोकऱ्यांच्या उमेदवारांच्या याद्या उतरवून काढत असे. अठ्ठावन्न सालच्या यादीत नजर एका ओळीनं घसरली आणि एव्हारिस्तो पिन्सोनच्या नावापुढे पक्षाच्या रकान्यात मी ‘लिबरल’ लिहून मोकळा झालो. तो शेरा खालच्या ओळीतल्या तिमोतेओचा, म्हणजे त्याच्या धाकट्या भावाचा होता.

एव्हारिस्तोचा बाप कॉन्झर्व्हेटिव्ह, आजा कॉन्झर्व्हेटिव्ह. घरातल्या खेचराच्या झुलीलासुद्धा पक्षाची निळी झालर. लिबरलांना मत देणं पाप आहे, असं पाद्रीबाबांनी वेदीवरून सांगितलं आणि यानं ते मनावर घेतलं. नऊ वर्षांपूर्वी गावानं लिबरलांना हुसकावलं, तेव्हा तिमोतेओचं घर दाखवायला सख्खा भाऊच पुढे होता. “दार तेवढं फोडू नका रे, सीडरचं आहे,” एवढीच काय ती बंधुप्रीती. पुढे ते दार निळं रंगवून त्यानं स्वतःच्या घराला लावलं.

आणि मग वर राजधानीत, बोगोतात, दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी गळ्यात गळे घातले. सरकारी नोकऱ्या निम्म्या तुमच्या, निम्म्या आमच्या. आमच्याकडे लिबरलांच्या वाट्याला कोंडवाड्याच्या रखवालदाराची जागा आली. पण गावात लिबरल औषधालाही उरला नव्हता. तिमोतेओ शहरात हमाली करत होता. त्याचं पत्र आलं: ही जागा मिळाली तर बायकोपोरांना घेऊन परत येतो. म्हणून तर मी त्याचं नाव यादीत घातलं होतं.

नेमणूक आली ती एव्हारिस्तोच्या नावानं. कागद शिपायानं परस्पर त्याच्या हातात दिला. मी धावतच गेलो. स्वारी त्या निळ्या दारात गुळाचं गरम पाणी पीत बसली होती.

“काका, घोळ झालाय माझ्याकडून. उद्याच दुरुस्ती पाठवतो.”

“शिक्का बसलाय ना यावर?”

“बसलाय.”

“मग सरकारची चूक काढणारे तुम्ही कोण, मास्तर?”

“अहो, पण तुम्ही आणि लिबरल? पाद्रीबाबा काय म्हणतील?”

“त्यांची गाय महिन्यातून दोनदा कोंडवाड्यात असते. काही म्हणायचे नाहीत.”

त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवली.

“आणि तिमोतेओ? तो वाट बघतोय, काका. त्याला मी काय कळवू?”

“कळवा, मी आता त्याच्याच पक्षात आहे.”