मनोज बोबडेची रपट्याशी झुंज

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत वाढलेल्या मनोज बोबडेला पोहता येत नव्हतं. नद्यांवर लिहिण्यात मात्र त्याचा हात धरणारा अख्ख्या अमरावतीत नव्हता. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत बसून तो मेळघाटच्या नद्या अशा खवळवायचा, की खाली गणितं सोडवणारी पोरं भिजावीत. "आपलं कसं आहे," तो बायकोला, वर्षालीला म्हणायचा, "पाणी घोट्यापर्यंत अन् शाई गळ्यापर्यंत." तिला ते खरंच वाटायचं.

पुण्याच्या एका प्रवास-मासिकाला त्यानं सिपना नदीवरचा लेख पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'भर पाण्यात मी एकट्यानं रपटा पार केला आणि काठावरचे कोरकू आदिवासी पाहतच राहिले.' आता रपटा म्हणजे काय, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही कळतं. नदीच्या पात्रातून काढलेला सिमेंटचा बुटका रस्ता, पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहतं, एवढंच. पण पुण्याच्या संपादकबाईंना वाटलं, रपटा म्हणजे खडकांवरून कोसळणारी भयंकर धार. लेखाला मथळा मिळाला, 'रपट्याशी झुंज'.

चूक सांगायला मनोजनं फोन लावला. तो तोंड उघडणार, तर बाईच म्हणाल्या, की बोर्निओच्या वर्षावनातली एक नदी होडीनं उतरायची आहे, तिथल्या दायाक लोकांत महिनाभर राहून लिहायचं आहे, आणि त्याचंच नाव पुढे आहे. शाळेच्या नकाशातली ती हिरवी जागा मनोजला लहानपणापासून खुणावत होती. त्यानं चूक गिळली. "रपटा जबर होता," एवढंच तो बोलला.

निवड पक्की करण्याआधी जागा बघायला बाई कॅमेरा घेऊन स्वतः मेळघाटात आल्या. रपट्यावरून बोटभर पाणी वाहत होतं. एक एसटी आरामात गेली, तिच्या मागून शेळ्या गेल्या.

"झुंज कुठे झाली?" बाईंनी विचारलं.

मनोजनं शेळ्यांकडे बोट दाखवलं. "इथंच. तेव्हा पाणी जास्त होतं."

काठावर फुलवंती कासदेकर ही कोरकू बाई भजी तळत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. "हे ना? याइची स्कूटर मधातच बंद पडली. मागं गाड्यायची लाइन लागली. मंग मी अन् माह्या नणदेनं ढकलली. हे वरतून पाय उचलून बसले होते, बूट ओले होतीन म्हणून."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला. बोर्निओ गेलं, हे मनोजला कळलं आणि त्याला फार वाईट वाटलं. पुण्याला रपटा कळत नाही, ही सबब त्याच्या ओठांवर आली होती, पण आता ती त्याची त्यालाच लाजवायला लागली.

"लोक पाहतच राहिले, असं लिहिलंत तुम्ही," बाई म्हणाल्या.

"पाहत होते ना. ढकलून दम लागला होता त्यायले."

"आणि बोर्निओत काय केलं असतंत?"

लेखातली शुद्ध मराठी मनोजला सापडेना. "पोहता येत नाही मले, मॅडम," तो म्हणाला. "तिथंबी कोन्या बाईनं ढकलूनच मले पार केलं असतं. अन् मी लिहिलं असतं, एकट्यानं पार झालो."