तीनशे पंधरावा मणी

काय काम करतेस असं कोणी विचारलं की मी सांगते, क्षयाच्या जंतूतलं एक एन्झाइम कॉम्प्युटरवर फिरवून फिरवून पाहते. पुढे कोणी विचारत नाही. खरं तर गोष्ट गमतीची आहे. आयसोनियाझिड ही क्षयाची नेहमीची गोळी पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच. जंतूचं हे एन्झाइमच तिचं औषध करतं आणि त्या औषधानं जंतू मरतो. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणाऱ्या या प्राण्यावर माझी पाच वर्षं गेली.

मग बाबांनाच क्षय झाला. बाबा पोलाद कारखान्यातले निवृत्त फिटर, कारखान्याच्या वसाहतीत, रुआबांध्याला, आई आणि ते दोघंच राहतात. मी रायपूरहून दर शनिवारी जायची. दोन महिने गोळ्या झाल्या तरी थुंकीत जंतू होतेच. डॉक्टरांनी नमुना मोठ्या लॅबमध्ये पाठवला. मला तेवढा धीर कुठला! घरी आल्या आल्या मी सुरू झाले.

"बाबा, खरं सांगा, गोळ्या चुकवून राहिले ना तुमी?"

"नाही वो बाई. रोज खाऊन राहिलो."

"मंग फरक कावून नाही पडला?"

बाबा गप्प बसले. मी त्या गप्प बसण्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावला. तेव्हापासून शनिवार-रविवार मी समोर बसून गोळ्या खाऊ घालायची, इतर दिवशी व्हिडिओ कॉलवर. गिळल्यावर तोंड उघडायला लावायची, जीभ वर करायला लावायची. आई एकदा चिडली, "कावून असं करून राहिली वो? ते का लहान लेकरू होय?" मी तिलाच चार गोष्टी ऐकवल्या. बाबा मात्र सांगितलं की मुकाट्यानं तोंड उघडायचे.

महिन्याभरानं रिपोर्ट आला. आयसोनियाझिड या जंतूवर चालत नव्हती. बदल त्याच एन्झाइममध्ये होता, तीनशे पंधराव्या जागेवर. ही जागा मला आमच्या क्वार्टरच्या नंबरासारखी पाठ आहे. डॉक्टर म्हणाले, यांना बहुधा असाच बदललेला जंतू लागला, यांची काही चूक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. गोळ्या बदलल्या आणि पुढे बाबा बरे झाले, ते आधीच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते रिपोर्ट आला त्या संध्याकाळचं.

लॅपटॉप उघडून मी त्यांना एन्झाइम दाखवलं. म्हटलं, ही मण्यांची लांब माळ आहे, गुंडाळून तिचा गोळा झालाय. तीनशे पंधरावा मणी सेरीनचा असतो. तुमच्या जंतूत तिथं थ्रिओनिन आलंय, ते जरासंच मोठं. त्यामुळे गोळीला आत शिरायची वाट अरुंद झाली. एन्झाइम आपलं रोजचं काम करतं, गोळी मात्र बाहेरच पडून राहते.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "किती फरक होय?"

"केसाच्या लाखाव्या भागाहून कमी."

"क्लिअरन्स गेलं म्हणजे सगळंच गेलं," ते म्हणाले. क्लिअरन्स म्हणजे मशीनच्या दोन भागांमधली मोकळी फट. त्यांना मी सांगितलेलं माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळलं, आणि मी खूश झाले. माफी मागायची राहिली आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "मिलमध्ये ब्रेकडाउन झालं का साहेब लोक चूक कोणाची म्हणून पहिले ऑपरेटरचं नाव लिहेत. आमी फिटर मशीन खोलून पाहल्याबिगर कोणाचं नाव नाही घेतलं कधी."

आवाजात राग नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी "बाबा" एवढंच म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले. "मी समजत होतो, तू फिटरची पोरगी आहे."