शंखपुरातल्या बायकांचे पाय

मोतियाला उडी मारायची होती आणि तिला पाय नव्हते.

स्टोरीबोर्ड माझ्या टेबलावर पडला होता. स्टोरीबोर्ड म्हणजे एपिसोडमधला एकेक शॉट कसा दिसेल याची ओळीने काढलेली चित्रं. एका चित्रात मोतिया घागरा खोचून बांधावरून धावत होती. पुढच्यात ती बांधाच्या फुटलेल्या भागावरून झेप घेत होती. त्याच्या पुढच्यात भरतीचं पाणी अडवणारा लाकडी दरवाजा ती सगळा भार टाकून खाली पाडत होती आणि शंखपूर वाचत होतं. बोर्ड सुवर्णाने काढला होता, आणि छान काढला होता. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

"सर, मी मोतियाची रिग उघडली. घागऱ्याच्या आत काहीच दिसत नाहीये."

"माहितीये."

"हाइड केलेत ना पाय? कुठल्या लेयरवर आहेत?"

"हाइड नाही केलेले. बनवलेच नाहीत."

तिने बोर्डवरच्या उडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग ती इतके दिवस चालतेय कशी?"

"सरकते," मी म्हणालो.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ माणिकपूरला आहे. खाली केकचं दुकान, वर आम्ही. मुंबईच्या एका मुलांच्या चॅनेलसाठी आम्ही शंखपूरची मालिका करतो. समुद्रकाठी बांध घालून राहणारी, डोक्यावर शंख घालणारी बुटकी माणसं. त्यातले पुरुष पहारा देतात, भाले घेऊन फिरतात, माशांवर बसून लढाया करतात. बायका शेवाळाची खीर करतात, दिवे लावतात आणि पुरुष परत आले की "आले, आले!" म्हणतात. कार्टूनमधलं पात्र हलवायला त्याच्या आत एक सांगाडा बसवावा लागतो. त्याला रिग म्हणतात. कठपुतळीच्या दोऱ्यांसारखंच ते. जो सांधा रिगमध्ये नाही, तो कधीच वाकणार नाही.

रिगिंग माझं काम. शंखपूर सुरू झालं तेव्हा घाई होती. बायकांचे घागरे जमिनीपर्यंत होते. पाय दिसणारच नव्हते, म्हणून मी ते केले नाहीत. घागऱ्याखाली एक कंट्रोल दिला, तो ओढला की बाई पुढे जायची. वेळ वाचला. शिवाय पुरुषांसाठी आम्ही जाडा, बारीक, म्हातारा आणि सैनिक असे वेगवेगळे सांगाडे बनवले, बायकांना मात्र एकच. केस आणि रंग बदलला की आई, मावशी, राणी, शेजारीण. आमच्या स्टुडिओत कुणालाही ते विचित्र वाटलं नाही. मलाही नाही.

आता चॅनेलच्या रेवती मॅडमनी नवीन मागणी केली होती. "अहो, मुलीही बघतात हा शो. मोतियाने प्रत्येक वेळी दारात उभं राहून वाटच बघायची का?" त्यांना एक नमुन्याचा एपिसोड हवा होता, ज्यात मोतिया शहर वाचवते. तो आवडला तर पुढचा सीझन आम्हाला. नाही आवडला तर आमच्याकडे दुसरं काम नव्हतं. अर्धा फ्लोअर घरी बसला असता, आणि कुणाकुणाला घरी बसवायचं ते आमचे मालक नितीन मलाच विचारणार होते. त्या आठवड्यात मला जेवण जात नव्हतं.

पाय नाहीत हे मी नितीनना सांगितलं. सुवर्णाही केबिनमध्ये होती.

"सोपंय," ते म्हणाले. "उडी शिंपूला दे. भाऊ आहे ना तिचा? तो उडी मारेल. आयडिया मोतियाची म्हणायची."

"आणि मोतिया काय करेल?" सुवर्णाने विचारलं.

"टाळ्या वाजवेल. हात तरी आहेत ना तिला, अनिल?"

मी हसलो. खरं तर हसू आलं नव्हतं. मालकाचा विनोद होता आणि मी घाबरलेलो होतो, एवढंच. सुवर्णा हसली नाही. तिने आपला बोर्ड उचलला आणि छातीशी धरला. ते बघून मी म्हणालो, "सर, मी पाय करून देतो."

"शुक्रवारी सकाळी मॅडम कॉलवर आहेत."

"होतील."

होतील की नाही ते मला माहीत नव्हतं.

सांगाड्यात मांड्या, गुडघे, घोटे बसवणं हे काम मला येतं. ते झालं. अडचण आली धावण्यात. आमच्याकडे पद्धत अशी की अ‍ॅनिमेटर आधी ती हालचाल स्वतः करतो, फोनवर शूट करतो आणि त्यावरून पात्र हलवतो. याला रेफरन्स म्हणतात. शंखपुरातल्या बायकांचे सगळे रेफरन्स आजवर मीच दिले होते. पॅसेजमध्ये ओढणीसारखा टॉवेल घ्यायचा, मान वेळावायची, लचकत जायचं. ऑफिसातली मुलं हसून लोळायची. एका अख्ख्या नगरातल्या बायका पन्नाशीला टेकलेल्या एका पोट सुटलेल्या माणसासारख्या लचकत होत्या.

मी पॅसेजमध्ये धावलो. सुवर्णाने शूट केलं. आम्ही ते पाहिलं. कोपरं अंगाला चिकटलेली, पावलं इवलीइवली, एक हात कमरेशी.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही धावत नाहीयात. लाजताय."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी पुरुषासारखा धावू शकत होतो, किंवा नक्कल करू शकत होतो. मधलं मला काही येत नव्हतं. दिवस हातातून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाने फोन माझ्यासमोर धरला. ती खाडीकाठच्या गावातून येते, घरची भातशेती आहे. व्हिडिओत तिची आई होती. साडी गुडघ्यापर्यंत ओढून मागे घट्ट खोचलेली, डोक्यावर भाऱ्याची चुंबळ, अरुंद बांधावरून झपाझप येत होती.

"आये, जरा धाव ना," सुवर्णाचा आवाज.

"येड लागलं काय तुला? पान्यात पडले तर?"

"ऑफिसला पायजे."

"ऑफिसला माझं काय काम?" असं म्हणत ती माउली धावली. पावलं आडवी टाकत, टाचा रोवत, दोन्ही हात तोल सांभाळायला बाजूला पसरलेले. बांध तुटलेला होता तिथे थांबलीसुद्धा नाही. पलीकडे गेली, वळली आणि म्हणाली, "झालं का तुझं? आता बाजूला हो, मला काम हाय."

आम्ही तेच घेतलं. टाच रोवणं घेतलं, पसरलेले हात घेतले. गुरुवारी दुपारी मोतिया धावली. उडी मारली. फ्लोअरवरची सगळी मुलं मॉनिटरभोवती जमली आणि कुणीतरी शिट्टी वाजवली. मला इतकं हलकं वाटलं की मी घाईघाईने नवी रिग मास्टर फाइलवर सेव्ह केली.

इथेच चूक झाली. मास्टर म्हणजे मूळ सांगाडा. आधीच्या सगळ्या एपिसोडमधल्या सगळ्या बायका त्या एकाच फाइलला जोडलेल्या होत्या. नवी रिग वेगळ्या नावाने ठेवायची असते, हे मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो.

आणि त्याच दुपारी दिव्यांच्या सणाचा एक जुना, मंजूर झालेला एपिसोड पुन्हा रेंडर होत होता, म्हणजे कॉम्प्युटर त्याची शेवटची चित्रं नव्याने काढत होता. मॅडमना त्यातल्या पाण्याचा रंग थोडा गडद हवा होता. फक्त रंग बदललाय म्हणून कुणी तो पूर्ण पाहिला नाही. तपासून पाठवायचं काम माझं. मी पाणी पाहिलं आणि पाठवून दिला.

शुक्रवारी कॉलवर नितीन, मी आणि सुवर्णा होतो. रेवती मॅडमनी स्क्रीन शेअर केली. मला वाटलं उडी लावतील. त्यांनी दिव्यांचा सण लावला.

"हे जरा बघा."

राजवाड्याचं अंगण. शंखपुरातल्या बायका हातात दिवे घेऊन ओळीने पुढे निघाल्या. घागरे सरकले. पाय सरकले नाहीत, कारण त्या जुन्या शॉटमध्ये पायांना कुणी हलवलंच नव्हतं. बायका दिवे घेऊन निघून गेल्या आणि अंगणात मागे नुसते पाय उभे राहिले. रांगेने, जोडीजोडीने.

"अनिलजी, हे पाय कुणाचे आहेत?"

नितीन पटकन म्हणाले, "सॉरी मॅडम, ज्युनिअरकडून झालंय. ही आमची सुवर्णा, हिने रिगला हात लावला आणि..."

मी काही बोललो नाही. तो क्षण लहान नव्हता. मॅडमना "अच्छा" म्हणून काहीतरी लिहून घ्यायला पुरेल इतका तो होता. माझ्या डोक्यात एवढंच आलं की सुवर्णाला दुसरीकडे काम मिळेल, मला या वयात मिळणार नाही. शेजारी सुवर्णा कीबोर्डकडे बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पाहिलं नाही.

"मॅडम, सुवर्णाने नाही," मी म्हणालो. "मास्टर मी बदलली. तपासून पाठवलं तेही मीच. मोतियाला उडी मारायची होती म्हणून पाय बसवले, ते सगळ्यांना लागले."

"म्हणजे? आधी पाय नव्हते?"

"नाही."

"मोतियाला?"

"कुणालाच. आमच्याकडे बाई एकच आहे, मॅडम. बाकीच्या तिच्याच कॉप्या."

"आणि पुरुषांना?"

"आहेत. गुडघ्यांसकट."

पलीकडून म्यूट झालं. स्क्रीनवर मॅडम आणि त्यांच्या शेजारची बाई एकमेकींशी बोलताना दिसत होत्या, आवाज नव्हता. खाली रिक्षावाले कुणाशी तरी भाड्यावरून घासाघीस करत होते. नितीन माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेला सीझन. खूश?" मी फ्लोअरकडे पाहिलं. काचेपलीकडे सगळी मुलं काम करत असल्याचं नाटक करत होती.

म्यूट उघडलं. "उडी दाखवा."

दाखवली. "परत लावा." परत लावली. "ही अशी हात पसरून का धावते?"

या वेळी सुवर्णाच बोलली. "बांध ओला असतो मॅडम. हात नाही पसरले तर माणूस पडतो."

सीझन आम्हाला मिळाला. दिव्यांचा सण त्याच दिवशी जुन्या फाइलवरून दुरुस्त करून द्यावा लागला, आणि अटी आल्या. प्रत्येक बाईला पाय. सगळ्या बायकांना एकच अंग चालणार नाही. नितीननी सगळ्यांना केक मागवला. त्या कॉलचा विषय मात्र ते अजूनही काढत नाहीत.

केक कापताना सुवर्णा माझ्याजवळ आली. "सर, मी थँक यू म्हणायला हवं का?"

"नको."

"म्हणणारच नव्हते. फार वेळ लावलात तुम्ही."

हे खरं आहे.

नव्या सीझनच्या पहिल्याच स्क्रिप्टमध्ये मोतियाचे बाबा घरी लाडू वळतात, कारण आई दरवाजाच्या पहाऱ्यावर आहे. मी बाबांची रिग उघडली. पाय होते. घोटेसुद्धा झकास फिरत होते. पण हातांना फक्त मूठ होती. भाला धरायला मूठ पुरते, म्हणून बोटं उघडायची सोय मी केलेलीच नव्हती.

बोटं बसवली. मग रेफरन्सचा प्रश्न आला. सुवर्णाने हात झटकले. "या वेळी माझी आई नाही. बाबांचा शॉट आहे, तुम्ही करा."

घरी ओट्यावर डब्याला टेकवून फोन लावला आणि हवेत हात फिरवायला लागलो. बायको दारात येऊन बघत राहिली.

"साबण लावताय का?"

"लाडू वळतोय."

"इतक्या वर्षांत बघितलंसुद्धा नाहीत का कसे वळतात ते?" तिने परातीत बेसनाचं मिश्रण आणून समोर ठेवलं. "दाबा. अजून. मूठ नका करू हो, तळव्यात घ्या."

या धंद्यातला धडा असा, की पात्राला नवं काम द्यायचं ठरवलं की संवाद लिहिण्याआधी त्याची रिग उघडून बघावी. बहुतेक वेळा ते काम त्याला करताच येत नसतं, कारण करावं लागेल असं आपल्याला वाटलेलंच नसतं. आणि नवी रिग वेगळ्या नावाने सेव्ह करावी.

माझा पहिला लाडू हातातच फुटला. सुवर्णाने तो शॉटमध्ये तसाच ठेवला आहे.