मेव्हण्याच्या माफीत माझी दुरुस्ती

"‘चुकलं माझं’ हे आधी घ्या, कारण नंतर सांगा," असं मी बोलून गेलो आणि ओसरीवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

केंदूरला, माझ्या सासरवाडीची गोष्ट. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही मेव्हण्यांनी बोलणं टाकलं होतं. बायकोनं फोन करकरून त्यांना कसंबसं एका चहाला बसवलं होतं. धाकटा खाली बघत म्हणाला, "दादा, पाळी तुझी हुती, मोटर मी चालू केली. चुकलं माझं."

मी मालिकांचे संवाद लिहितो. कुणी बोललं की माझी जीभ दुरुस्तीला धावते, तशी ती तिथंही धावली.

थोरला कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तसाच आला होता. तो उठला. "म्हंजी हे दाजींनी लिहून दिलंय व्हय? मला वाटलं, तुझ्या मनातनं आलं."

"न्हाई दादा, आईच्यान!"

"हे पन त्यांचंच का?" म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही.  परतताना बायको म्हणाली, "उद्या दादाला मीच सांगते, ते वाक्य तुमचं नव्हतं. इतकं साधं तुम्हाला कधी सुचलंय का?"