ओठाला लागलेला चटका

भिवाजीनं बत्तीस वर्षं शिरपूरच्या एका दुकानात पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, वेढे मोजायचे. मोजताना कोणी हाक मारली आणि आकडा चुकला, तर तो सगळी गुंडाळी उसवून पुन्हा एकपासून सुरू करायचा. मालक चिडायचा. भिवाजी ऐकून घ्यायचा आणि उसवायचा.

असा माणूस मंगळवारी दुपारी एका मिनिटाच्या घाईत चुकला.

खांबावरचा एक फेज गेला की घराची वायर दुसऱ्या फेजवर टाकायची, ही गावची रीत. त्याची लेक धम्मदीपा घरातून ओरडली, "बाबा, लाइन गेली, माहं काम अडलं!" भिवाजी काठी घेऊन गेला आणि वायर बदलली. पण न्यूट्रल समजून त्यानं दुसरी वायरही फेजलाच अडकवली. घरात दोन फेज शिरले. बल्ब फुटले, पंखा जळाला आणि धम्मदीपाचा गेमिंग लॅपटॉप एकदा चमकून बंद झाला.

त्या लॅपटॉपात तिचं दोन वर्षांचं काम होतं. ती एक गेम बनवत होती. रानडुकरांपासून सोयाबीनचं वावर राखायचं, असा. कॉपी ठेवलेला पेनड्राइव्ह त्या वेळी लॅपटॉपलाच लावलेला होता. तोही गेला.

ती तीन दिवस नीट जेवली नाही. बापाशी एक शब्दही बोलली नाही. भिवाजीला तेच सोसत नव्हतं.

शुक्रवारी दोघं वाशीमला लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या हरीओमच्या दुकानात आले. हरीओमनं बोर्ड उघडला, मीटर लावला. ग्राफिक्स चिपजवळ शॉर्ट असल्यासारखा मीटर किंचाळला.

"चिप गेली," तो म्हणाला. "बोर्ड बदला."

"डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपले लावली तर?" धम्मदीपानं विचारलं.

"डिस्कले कुलूप हाये. किल्ली याच बोर्डात. त्या कुलपाचा नंबर लिहून ठेवला होता?"

"नाही."

"मंग बोर्ड बदलला का सगळं गेलं समज."

धम्मदीपा खाली बसली. भिवाजी उभाच राहिला.

"हरीओम, मोठ्या मोटारीची जाड तार मोजली तरी मीटर शून्याजवळच दाखवते. म्हणून काय ती जळाली म्हनाव? चांगल्या बोर्डावर मोजून पाह्यलं का तू?"

"काका, हे मोटर नोहे."

"नसू दे. मोजून पाह्य."

हरीओमनं तोंड वाकडं केलं, पण फळीवरून तशाच जातीचा, फक्त पडदा फुटलेला एक चालू लॅपटॉप काढला. त्याच जागी मीटर लावला. मीटर तसाच किंचाळला. म्हणजे चिप गेलीच, असं नव्हतं.

"आता चार्जरच्या तोंडापासून धर," भिवाजी म्हणाला. "मधलं काही सोडू नको."

दोन तास गेले. एकेक ठिकाण मोजायचं, चांगल्या बोर्डाशी ताडून पाहायचं, पुढं सरकायचं. चार्जरमागचा पहिला भाग ठीक निघाला. त्यापुढच्या मुख्य लाइनवर मात्र खरा शॉर्ट होता. त्या लाइनवर तिळाएवढे पन्नासेक कपॅसिटर. त्यातला कोणता जळाला?

हरीओमनं लाइनला बारीकसा करंट दिला. "जो बिघडला तो तापन. बोट लावून पाहा."

भिवाजीनं बोट फिरवलं. काही कळेना. वार्निश आणि गरम तारेनं बोटांची कातडी कधीच मेली होती. दुसरं बोट, तिसरं बोट. काही नाही.

"काका, मले पाहू द्या."

"तुह्या बोटाचंबी सोल्डरचे डाग देऊन देऊन तेच झालं," भिवाजी म्हणाला. तो वाकला, चष्मा काढला आणि बोर्डावर ओठ टेकवला. दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं, "म्हातारा लॅपटॉपचे मुके घेऊन राह्यला!"

भिवाजी रांगेनं ओठ सरकवत गेला. कोपऱ्यातल्या एका तिळाशी तो झटकन मागं आला.

"हा."

हरीओमनं तो कपॅसिटर उपटला. मुख्य लाइनवरचा मीटर गप्प झाला. चार्जर लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर उजेड आला.

धम्मदीपानं पासवर्ड टाकला. घाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उघडलं.

"कॉपी कर लवकर," हरीओम म्हणाला. "ही चिप फार तापून राह्यली. किती टिकन सांगता येत नाही."

तिनं नवा पेनड्राइव्ह लावून आधी गेम चालवणाऱ्या फाइली घेतल्या. त्या झाल्या. मग चित्रांना हात घातला. तिघंही पडद्यावरचा हिरवा पट्टा बघत होते. हरीओम पुठ्ठ्यानं वारा घालत होता. पट्टा अर्ध्याच्या अलीकडं असताना टक्कन आवाज झाला आणि जळका वास आला.

हरीओमनं पुन्हा पुन्हा मोजलं. चांगल्या बोर्डाशी ताडलं. मग मीटर ठेवून दिला. "काका, आता खरंच गेली."

धम्मदीपानं तो पेनड्राइव्ह दुकानाच्या कॉम्प्युटरला लावला. बराच वेळ खालीवर केलं, मग गेम चालवून पाहिला. तीन दिवसांत पहिल्यांदा ती बापाकडं वळली.

"डुकरं तेवढी वाचली, बाबा. वावर सारं गेलं."

"वावर पुन्हा काढायले किती दिवस लागतीन?"

"आठ महिने."

भिवाजीनं मान हलवली. ओठावर फोड आली होती, ती त्यानं जिभेनं चाचपली. माफी मागायला तो तोंड उघडणार होता. पण तिचे आठ महिने त्याच्या कोणत्याच शब्दानं भरणार नव्हते. ती पडद्यावरच्या काळ्या डुकरांकडं बघत होती. डुकरं मोकळ्या पांढऱ्या जागेत नुसतीच इकडून तिकडं पळत होती.