दोन गंज अन् माझी कारागिरी

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी अख्ख्या गावाची खीर मी एकट्यानं अडवून ठेवली होती.

विहारातली खीर दरवर्षी आमच्याच मोठ्या जर्मनच्या (म्हणजे अॅल्युमिनियमच्या) गंजात शिजते. तेवढं भांडं गावात दुसरं नाही! सुनेनं त्यात धाकटा गंज ठेवला, तो रुतून बसला. दूध येऊन पडलं, ऊन चढलं, अन् गंज काही सुटेना!

"आबा, बाहेरचा गरम करा, आतल्यात बर्फ टाका," नववीतली नात प्रज्ञा म्हणाली. "गरम झाले की कण दूर सरकतात, भांडं फुगते."

"कण मोठे होतात काय वं?"

"मोठे नाही होत. त्यायच्या मधातली जागा वाढते."

"मले शिकवते? लोखंड फुगवता फुगवता माही दाढी पांढरी झाली!"

खोटं नाही. बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धावा चढवण्यात उमर गेली. धाव तापवायची, फुगली की चाकावर घालायची, वरून ठोकायची, लगेच थंड पाणी ओतायचं. आवळली की जन्माची! (शाळा दुसरीपर्यंतच. पण मास्तरला चढवता येते का धाव?)

बर्फ-बिर्फ नाकारून जोडगंज चुलीवर चढवला. थोड्या वेळानं आतला गंज डुगडुगला!

"सुटला!" माझी म्हातारी ओरडली. "आता उचला!"

पण माझे हात कोणाचं ऐकतात? तापलेलं भांडं दिसलं अन् एका हातानं आतल्या गंजावर हातोडा हाणला, दुसऱ्या हातानं बाहेरच्यावर थंड पाण्याची बादली ओतली. चर्रर्र! मी ऐटीत मान वर केली.

सगळ्यांची तोंडं उघडीच्या उघडी! मग मीही खाली पाहिलं. आतला गंज आणखी चार बोटं खाली, अन् असा आवळलेला की बाप्पा!

"हे काय करून ठेवलं तुमी?" म्हातारीनं कपाळ बडवलं. "आता खीर काय तुमच्या टोपीत शिजवू?"

प्रज्ञानं आतल्या गंजात बर्फ ओतला, बाहेरून उकळतं पाणी. सासू-सुनेनं दोन्ही गंजांचे कान धरून ओढलं. टप्प! गंज वेगळे!

खीर वेळेवर झाली. पंगतीत मी म्हटलं, "अर्धं ढिलं तं मीच केलं होतं न!"

जेवणं झाल्यावर म्हातारीनं काळाठिक्कर गंज अन् राख माझ्यापुढं आणून ठेवली.

"काय आबा, भांडे घासून राह्यले?" वाटेनं जाणाऱ्यानं विचारलं.

"नाही बे," मी म्हटलं, "प्रयोग सुरू हाये!"