सासूबाईंची टोपी आणि फौजदार

आमच्या सासूबाईंनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. विनातिकीट माणूस नुसत्या त्याच्या बसण्यावरून ओळखायच्या, असं त्याच सांगतात. रिटायर झाल्यावर ती नजर परसातल्या कोंबड्यांवर पडली. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की सासूबाई बादली उपडी घालून बसणार आणि नोकरीतली जुनी टोपी पिल्लांच्या डोक्यावरून एकदम भिरकावणार. अंग चोरून खाली बसली ती कोंबडी. मान ताठ करून उभा राहिला तो कोंबडा. लागला निकाल! गल्लीतले लोकसुद्धा टोपलीत पिल्लं घालून आणायचे. आणि बहुतेक वेळा निकाल खरा ठरायचा, उगाच नाही कशाला म्हणू?

शेजारची नर्स रात्रपाळी करून पहाटे झोपते, त्यामुळे आम्ही कोंबडा ठेवत नाही. कोंबडा ठरला की रविवारी खाटकाकडे.

यंदाच्या सहा पिल्लांत एक तांबडं होतं. मी त्याला फौजदार म्हणायची. माझं पंक्चरचं दुकान परसाला लागूनच आहे. मी ट्यूब पाण्यात बुडवली की हा पठ्ठ्या घमेल्याच्या काठावर उभा राहून माझ्याबरोबर बुडबुडे बघायचा. मांजर आलं तर सरळ त्याच्या अंगावर जायचा. टोपी पडली तेव्हा बाकीची पाच चिडीचूप बसली. फौजदार टोपीवर चढला.

"कोंबडा," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी जाईल."

मी फौजदाराला उचलून घेतलं. "धीट आहे म्हणून लगेच कोंबडा?"

"बाईच्या जातीत एवढा धीटपणा नसतो गं." मग माझ्या काळ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "असला तरी शोभत नाही."

डोकंच फिरलं माझं! अकरा वर्षं झाली लग्नाला, दुकानावरून हेच ऐकतेय. पण भांडले असते तर फौजदाराचंच वाटोळं झालं असतं. राग गिळला आणि म्हटलं, "आरवेपर्यंत राहू द्या. आरवला की मी स्वतः नेऊन देते."

"बघ हं. शब्द दिलायस."

त्यानंतर रोज पहाटे आम्ही दोघी आपापल्या खोलीत कान लावून पडायचो. फौजदार आरवेना. "काहींना उशिरा कंठ फुटतो," सासूबाई म्हणायच्या. तीन महिने हेच.

एकदा दुपारी त्या दुकानात चहा घेऊन आल्या, तर कोपऱ्यातल्या जुन्या टायरमध्ये फौजदार ठाण मांडून बसलेला. "ऊठ रे मेल्या," म्हणत त्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातला आणि तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा मुठीत अंडं होतं, अजून गरम.

सासूबाई स्टुलावर बसल्या. चहा निवून गेला.

"आजवर नुसत्या वागण्यावरून ठरवत आले," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. मला हसूही येत होतं आणि रडूही. "हे तुम्ही फौजदाराला सांगताय की मला?"

"दोघींना," त्या म्हणाल्या, आणि अंडं माझ्या काळ्या हातावर ठेवलं.